चष्म्यांचं पोतं

देवावर एवढा विश्वास आणि चमत्कारावर एवढा राग, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या अंगात सुखाने नांदताना मी पाहिल्या त्या फक्त आमच्या खालच्या चष्मेवाल्या काकांच्या ठिकाणी. खालचे म्हणायचं कारण एवढंच की वरच्या मजल्यावर आम्ही भाडेकरू होतो आणि खाली ते मालक. पुढच्या खोलीत त्यांचं चष्म्याचं दुकान आणि पडद्यामागच्या दोन खोल्यांत ते आणि काकू. लग्न होऊन मी गगनबावड्याहून कोल्हापुरात आले ते साल ब्याण्णव असावं. हातात बॅग, डोक्यावर पदर, अशी मी जिना चढत होते तोच दुकानातून आवाज आला, "सूनबाई, डोळं बारीक करून बघतीस. उणे पावणेदोन हायस तू. सामान ठेव आणि खाली ये." माझ्या नवऱ्याच्या तोंडात अजून माझं नाव नीट बसलं नव्हतं, आणि या गृहस्थांनी माझा नंबर काढून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तपासलं तर बरोब्बर पावणेदोनच निघाला. तो आकडा खोटा पाडायला मला पुढे बरीच वर्षं लागली, म्हणजे तो अडीच झाला.

काकांच्या लेखी माणसाला नाव नव्हतं, नंबर होता. "परवा उणे चार वारलं, लई चांगला माणूस हुता," असं ते हळहळून सांगायचे आणि कोण वारलं ते कळायला आम्हाला दोन दिवस लागायचे. एकदा त्यांनी एक सोयरीकही जुळवली. मुलगी उणे तीन, मुलगा अधिक एक. "संसारात एकाला लांबचं दिसावं, एकाला जवळचं. दोघांना एकच दिसाय लागलं की भांडणं," हे त्यामागचं शास्त्र. ती जोडी आजही गुण्यागोविंदाने नांदते आहे, त्यामुळे मला काही बोलायची सोय नाही. माझ्या नवऱ्याला चष्माच नव्हता, म्हणून तो शून्य. "शून्य हायत काय घरात?" असं काका जिन्याखालून ओरडायचे. नवरा चिडायचा. पण 'हो, आहे' म्हणून उत्तरही द्यायचा.

काका-काकू ख्रिस्ती होते, तीन पिढ्यांचे. दुकानात पाऊल टाकलं की आधी 'सलाम', मग 'बसा पावणं', आणि मग डोळे. काकांनी शास्त्र, म्हणजे बायबल, इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यातली माणसं त्यांना गल्लीतल्या माणसांसारखी ओळखीची झाली होती. येशूबद्दल बोलायला लागले की तो गालीलाचा नसून पंचगंगेच्या काठचाच कुणीतरी आहे आणि काल संध्याकाळीच दुकानावरून गेला, असं वाटायचं. इतर दुकानांत डोळे तपासायला सुट्या अक्षरांचा तक्ता असतो. काकांचा तक्ता त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला होता आणि त्यात एक गोष्ट होती. वरची ओळ हातभर अक्षरात: 'डोंगरावर.' खाली जरा लहान: 'पाच हजार माणसं जमली.' मग आणखी लहान: 'पाच भाकरी, दोन मासं, समदी पोटभर जेवली.' चौथी ओळ बारीक: 'दुसऱ्या दिवशी तीच माणसं होडीत बसून त्याला शोधत आली.' आणि सगळ्यांत खाली मुंग्यांची रांग जावी तशी पाचवी ओळ होती. ती कुणालाच वाचता यायची नाही. मला नव्या चष्म्यातूनही यायची नाही. एकदा मी स्टुलावर चढून, नाक लावून वाचली. 'तो म्हणाला, माझं ऐकाय न्हाय, काल पोट भरलं म्हणून आलाय.'

नेसरीकडचा एक शेतकरी मला आठवतो. जेवणाच्या ओळीपर्यंत त्याने खणखणीत वाचलं आणि थांबला. "पुढं?" काकांनी विचारलं. "पुढं काय न्हाय, मुंग्या हायत." काकांनी काच बदलली, तेव्हा होडीची ओळ दिसली आणि म्हातारा रंगात आला. "आली व्हय शोधत? मग काय म्हणाला त्यो? दिली काय भाकरी परत?" काका म्हणाले, "तेच तर खाली लिव्हलंय." त्यावर म्हातारा म्हणाला, "ऱ्हाऊ दे मग. जेवली न्हवं समदी, बास." तो गेल्यावर मी म्हटलं, "काका, ओळ जरा मोठी करा की." तर म्हणाले, "मोठी केली म्हणून कोण वाचणार हाय? जेवणापतूर समदी येत्यात. पुढची ओळ आली की डोळ्यांत पाणी येतंय, मान दुखतीय, गाडी चुकतीय."

त्यांचा चमत्कारावरचा राग या तक्त्यापुरता नव्हता. दुकानात तो शब्द उच्चारायचीही बंदी होती. 'काका, चमत्कारच झाला, बस वेळेवर आली,' असं कुणी सहज बोलून गेला तरी ते चिमटा खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहायचे. शेजारच्या वहिनींनी एकदा नारळ आणून दाखवला, त्यावर देवीचा डोळा उमटला होता. "एक न्हाय, तीन हायत," काका म्हणाले, "नारळाला तीनच असतात. नंबर काढू काय?" एका संध्याकाळी चंद्रात कुणा सत्पुरुषाचा चेहरा दिसतो अशी आवई उठली आणि अख्खी गल्ली गच्चीवर गेली. मला तर स्पष्ट दिसला, दाढीसकट. काका खालून ओरडले, "उणे पावणेदोन, चष्मा घालून बघ!" मी घातला आणि चेहरा गेला. त्यांच्यावर मी चार दिवस रुसले होते. मी पडले नवसासायासाची. अंबाबाईला मी परीक्षेच्या निकालापासून गॅस सिलिंडरपर्यंत सगळं सांगून ठेवते. पण काका आपलं-परकं करत नसत. त्यांच्या स्वतःच्या देवळातही, एक तरुण उपासनेत साक्ष द्यायला उभा राहिला आणि प्रार्थनेने मी पास झालो म्हणाला, तर मागच्या बाकावरून काकांचा आवाज आला, "अभ्यास केलतास की न्हाय?" पाळकसाहेबांनी लगेच गीत सुरू केलं म्हणून निभावलं.

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय काका म्हणजे नुसती फ्रेम. काकू बुटक्या, हसऱ्या, आणि इथल्या बायका बोलतात तसं 'मी आलो, मी गेलतो' असं रोखठोक बोलणाऱ्या. रोज सकाळी काका काचा घासायला बसले की काकू शेजारी स्टुलावर बसून शास्त्राचा एक अध्याय मोठ्याने वाचायच्या. काकांचे हात आणि डोळे गुंतलेले, तेव्हा काकूंनी वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं, ही लग्न झाल्यापासूनची रीत. दगडावर काच घासल्याचा आवाज आणि त्यावर काकूंचा संथ सूर, हे वर आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं.

या काकूंना काचबिंदू झाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काकांना समोर बसवून सांगितलं, की गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब घालून टिकवायची, आणि याला चष्म्याचा उपयोग नाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं, डॉक्टरांचे आभार मानले, घरी आले आणि काकूंसाठी नवी काच घासायला बसले. त्यानंतर दर सहा महिन्यांनी नवी काच. दुकान बंद करून तासन् तास ते घासायचे, काकूंच्या नाकावर चष्मा ठेवायचे आणि विचारायचे, "आता?" काकू म्हणायच्या, "लख्ख." मग काका दिवसभर शीळ घालायचे. या माणसाला जगात एकाच गोष्टीची भीती होती, की एक दिवस काकू 'दिसत नाही' म्हणतील. मला ते कळत होतं. बहुधा काकूंनाही.

दरवर्षी थंडी सरत आली की गावाबाहेरच्या मोठ्या मैदानावर तीन दिवस चंगाईची, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याची, सभा भरायची. बाहेरगावचे प्रचारक यायचे, मांडव पडायचा, कर्णे लागायचे आणि माणसांचा पूर लोटायचा. त्यात ख्रिस्ती शोधून काढावे लागत. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून शेतकरी यायचे, कागलच्या एमआयडीसीतून पाळी संपवून डबा हातात घेतलेले कामगार यायचे, हळदी-कुंकवाच्या बोटांनी बायका हात वर करायच्या. एकजण तर आटलेली म्हैस घेऊन आला होता. फक्त माणसांसाठी आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "मग माझ्यावरच करा काय ते, मी घरी जाऊन तिला लावतो." काका तिथे पाऊल टाकत नसत. "ह्यांना देवाकडनं चिन्ह पायजे," ते म्हणायचे. "एक दावलं की दुसरं. त्याचं म्हणणं काय हाय ते वाचा म्हटलं की ह्यांचं डोस्कं उठतंय."

पण त्या सभेशी काकांचा एक संबंध होता, आणि तो असा. व्यासपीठाजवळ पांढरी चादर घातलेलं एक टेबल असायचं. शेवटच्या संध्याकाळी प्रचारक सांगायचे, की ज्यांना स्पष्ट दिसू लागलं त्यांनी साक्ष म्हणून आपले चष्मे इथे ठेवून जावं. ढोल वाजत असायचा, हजारो माणसं रडत-गात असायची, आणि त्या भरात लोक धडाधड चष्मे काढून ठेवायचे. मैदानापासून गावाकडच्या वडापच्या जीपपर्यंतही त्यांना सगळं लख्ख दिसत असावं. घोटाळा दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर उघडल्यावर व्हायचा. प्रचारक तोवर पुढच्या गावाला गेलेले. पहिल्या वर्षी मंडळीतली, म्हणजे काकांच्या चर्चमधली, माणसं त्या ढिगाचं काय करावं अशा विचारात पडली, तेव्हा काका म्हणाले, "आणा हिकडं. निम्मा माल माझ्याच दुकानचा हाय." तेव्हापासून सभा संपली की सकाळी साखरेच्या रिकाम्या पोत्यातून चष्मे दुकानात येऊ लागले.

आणि त्यामागोमाग माणसं. तो देखावा मी कधी चुकवला नाही. मी शिक्षिका, माझी शाळा दुपारची, त्यामुळे मी भाजी निवडायला घेऊन पायरीवर बसायचे. 'मला दिसत नाही' असं एकजण म्हणेल तर शपथ. "शेजाऱ्याचा हुता, चुकून माझ्या डोळ्यावर गेलता." "दिसतंय तसं, पण बायको म्हणती चष्म्याबिगर ओळखू येत न्हाईस." एक पैलवान गडी तर कोपऱ्यात येऊन कुजबुजला, "काका, चंगाई झालीया, पक्की. फकस्त पावसाळ्यापतूर चष्मा जवळ ठेवतो." काका कुणाला हसत नसत. एवढा तोंडाळ माणूस, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा दवाखान्यातल्या नर्ससारखा मऊ असायचा. अट एकच. चष्मा डोळ्यांवर चढवायचा आणि तक्ता वाचून दाखवायचा, म्हणजे ज्याचा त्याला मिळाला याची खात्री. मी एकदा छेडलं, "खात्री करताय की शास्त्र ऐकवताय?" तर म्हणाले, "दोन्ही. ते न्हाईतर कवा वाचणार हायत?"

नवं शतक लागून एक-दोन वर्षं झाली असतील. सभेच्या शेवटच्या दिवशी, रविवारी दुपारी काकू भिंतीला हात लावत लावत जिना चढून वर आल्या. त्या कधी वर येत नसत. "मला संध्याकाळी मैदानावर न्हे," म्हणाल्या. "ह्यांची मंडळीत बैठक हाय, आठापतूर येणार न्हाईत. ह्यांना सांगू नको." ज्या बाईला अर्ध्याहून अधिक शास्त्र पाठ, ती त्या टेबलाकडे निघाली? पण मी कोण नाही म्हणणार. मी तर सोळा सोमवार करणारी. खरं सांगायचं तर मला आत कुठेतरी आनंदही झाला, की चला, आपल्यातली एक वाढली. शिवाय मनात आलं, कुणास ठाऊक, काकूंना द्यायचं नाही तर देव कुणाला देणार?

रिक्षात त्यांनी माझं मनगट जे धरलं ते परत येईपर्यंत सोडलं नाही. मैदानावर धूळ, घाम आणि आरोळ्या. एका बाईच्या अंगात आलं होतं आणि स्वयंसेवक गोंधळले होते, की याला काय म्हणायचं. काकू त्या सगळ्यात अगदी गप्प उभ्या होत्या. ओठ हलत होते. टेबलाची घोषणा झाली तशी म्हणाल्या, "चल." मी त्यांना गर्दीतून नेलं. त्यांनी चष्मा काढला, पदराने दोन्ही काचा पुसल्या, काड्या मिटल्या आणि चादर चाचपून तो हळूच ठेवला. परत येताना मी विचारलं, "काकू, दिसतंय का काही?" त्या म्हणाल्या, "गप बस गं." घरी आल्यावर त्यांनी काकांना सांगितलं, थेंब घातलेत, चष्मा काढून ठेवलाय. मला त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी पोतं येणार होतं.

सोमवारी सकाळी मी भाजीची परडी न घेताच पायरीवर जाऊन बसले. त्या वर्षी सभेला गर्दी दांडगी झाली होती, म्हणून काकांनी उठल्या उठल्या दुकानाची मांडामांड बदलली होती. दहा वर्षं डाव्या भिंतीवर असलेला तक्ता काढून उजव्या भिंतीला, खिडकीच्या उजेडात लावला होता. डाव्या भिंतीवर नुसता खिळा राहिला होता. पोतं आलं, काकांनी ते टेबलावर पालथं केलं आणि एकेक चष्मा उचलून ट्रेमध्ये मांडायला लागले. पाचवा का सहावा उचलला आणि त्यांचा हात थांबला. पिवळसर फ्रेम, जाड काचा. स्वतः घासलेली काच त्यांना अंधारातही ओळखता आली असती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. त्यांनी तो चष्मा ट्रेच्या अगदी टोकाला ठेवला आणि पुढचा उचलला.

मग माणसं आली. नेहमीच्या सबबी झाल्या, वाचन झालं, 'समदी पोटभर जेवली' इथपर्यंत दुकान दुमदुमलं. पण काका कुणाला 'सलाम' म्हणायला विसरत होते आणि त्यांची नजर पुन्हा पुन्हा पडद्याकडे जात होती. आत काकू होत्या. त्यांना बाहेरचं सगळं ऐकू येत असणार. अकराच्या सुमाराला शेवटचं गिऱ्हाईक गेलं आणि ट्रेमध्ये तो एकच चष्मा उरला.

पडदा बाजूला सारून काकू आल्या. सवयीने चार पावलं टाकून गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या आणि पदर सारखा केला. "माझा एक ऱ्हायलाय बघा," म्हणाल्या. काकांनी चष्मा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला. मला वाटलं, आता तरी हा माणूस नियम बाजूला ठेवेल, 'जा आत' म्हणेल. पण काका म्हणाले, अगदी हळू आवाजात, "वाच."

काकूंनी मान डावीकडे वळवली. जिथे दहा वर्षं तक्ता होता आणि आता फक्त खिळा होता, त्या भिंतीकडे बघून त्या वाचू लागल्या. "डोंगरावर." थांबल्या. "पाच हजार माणसं जमली." पुढे पुढे ओळी बारीक होत जातात म्हणून त्यांनी स्टुलावरून थोडं वाकूनही दाखवलं. होडीची ओळ वाचली. आणि मग, त्या स्टुलावर बसून कुणालाच कधी न वाचता आलेली शेवटची ओळसुद्धा, एकेक शब्द नीट, रिकाम्या भिंतीवरून वाचली.

काकांचा चेहरा मी बघू शकले नाही. मग काका म्हणाले, "तक्ता तिथं न्हाय. सकाळी हलवला मी."

काकूंचा हात चष्म्याकडे गेला आणि तिथेच राहिला. "व्हय?" त्या म्हणाल्या. मग, "बरं झालं. सुटलो मी."

"काल कशाला गेलतीस?" काकांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"डोळं मागाय न्हाय गेलतो. डोळं गेलं, दोन वर्सं झाली. तुम्ही काचा घासता, 'आता?' म्हणून इचारता, आणि माझ्या तोंडातनं 'लख्ख' येतंय. खरं सांगायचं बळ दे, एवढंच मागाय गेलतो. लोकांनी चष्मं ठेवलं, दिसाय लागलं म्हणून. मी ठेवला, आता लागत न्हाय म्हणून. म्हटलं, पोत्यात गावला की तुम्ही इचारशीला, मग सांगीन. तुम्ही इचारलंच न्हाईसा. मग आलो हितं, बसलो, तर जुनी सवय, लागलो घडाघडा वाचाय." त्या हसल्या. "बळ काय आलं न्हाय. पर तुम्हाला तक्ता हलवायची बुद्धी झाली."

"आणि सकाळी वाचतीस ते?"

"पाठ हाय. पानं आपली उलटतो."

काका उठले. काकूंच्या डोळ्यांवरचा चष्मा दोन्ही हातांनी काढला, मिटला, खिशात घातला आणि त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले. चाळीस वर्षं लोकांचे डोळे बघणाऱ्या त्या माणसाने आपल्याच बायकोचे डोळे दोन वर्षं बघितले नव्हते, आणि आता ते मान वर करून नुसते बघत होते. मी पायरीवर तोंडात पदर कोंबून रडत होते. काकूंना मी त्या मैदानावरच्या गर्दीतली एक समजले याची मला फार लाज वाटली, आणि अजून वाटते.

आठ-दहा दिवसांनी मी काकांना हिंमत करून विचारलं, की तक्ता नेमका त्याच सकाळी हलवावासा वाटला, याला तुम्ही काय म्हणाल? आता हे माझ्यावर ओरडणार असं वाटलं. ते बराच वेळ चिमट्याने एक स्क्रू उचलायचा प्रयत्न करत राहिले. मग म्हणाले, "ते मला ठाऊक न्हाय. पर चिन्ह मागणाऱ्या गर्दीत मी कुठं हुतो, ते कळलं. दर सहा महिन्याला काच बदलायचो आणि इचारायचो, आता? डॉक्टरांनी सांगितलेलं एक कानात घेतलं न्हाय. समद्यांत पुढं मीच हुतो की गं, सूनबाई." त्यानंतर त्यांनी काकूंसाठी काच घासली नाही. पुढच्या वर्षी पोतं आलं तेव्हा त्यांनी कुणाला वाचायलाही लावलं नाही. ज्याचा त्याने उचलला, वर चहा घेतला आणि गेला.

आता दोघंही नाहीत. काकू आधी गेल्या, काका दोन वर्षांनी. आम्ही फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि त्या दुकानात हल्ली मोबाइल विकतात. पण मधली ती पाच-सहा वर्षं मला फार आठवतात. सकाळी काम सुरू करण्याआधी काका शास्त्र उघडून बसायचे आणि काकूंना वाचून दाखवायचे. त्यांना मोठ्याने वाचायची मुळीच सवय नव्हती. आयुष्य ऐकण्यात गेलेलं, त्यामुळे अडखळत, शब्द तोडत, भलत्याच ठिकाणी श्वास घेत वाचायचे. आणि काकू डोळे मिटून म्हणायच्या, "एक ओळ गाळलासा." काका मागे जायचे, म्हणायचे, "कुठली? सांग की," आणि काकू ती ओळ म्हणून दाखवायच्या. रोज एवढ्या ओळी कशा गळतात याचा मला पुढे पुढे संशय यायला लागला. वाचन चालू असताना शिट्टी मध्ये येऊ नये म्हणून मी कुकर उशिरा लावायचे. डब्याला उशीर व्हायचा. पण नवरा चिडायचा नाही. तो जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून बूट घालत असायचा, एकच बूट, बराच वेळ.